परसबाग, निकृष्ट जमिनीतील

घराच्या मागील वा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या गरजेपुरता भाजीपाला पिकविण्यासाठी केलेल्या बागेस परसबाग म्हणतात. जमीन उथळ, घट्ट वा भरावाची असल्यास अशा बागेत पहिल्या वर्षी पिकापेक्षा माती तयार करणे हेच मुख्य काम असते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा अशा जमिनीचे ठळक उदाहरण होय.

जमिनीचे स्वरूप : हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. पवना व इंद्रायणी या नद्यांच्या काठी खोल काळी जमीन, तर माळावर मुरमावर मातीचा पातळ थर आढळतो. चाकण ही कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. म्हणजे हा भाग मुळात नापीक नव्हे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांबरोबर वस्ती वाढली व शेतांच्या जागी घरे उभी राहिली. बांधकामात वरची सुपीक माती खरवडली जाते अथवा राडारोड्याखाली गाडली जाते. वर मुरूम पसरून रूळ फिरविला जातो. सिमेंट व चुना यांमुळे मातीचा सामूही वाढतो.

परीक्षण : सु. ३० सेंमी. खोल खड्डा पाण्याने दोनदा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दिवसभरात न जिरल्यास निचरा अपुरा समजावा. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकताच फेस आल्यास तीत चुनखडी असते. अशा जमिनीत लोह पिकांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेणखतात मिसळलेला हिराकस हा त्यावर उपाय आहे. कोकणातील आम्ल जमिनीसाठी सांगितलेला चुना येथे अपायकारक ठरतो. राखही बेतानेच वापरावी.

वाफे व खत : नवशिक्याने सर्व जागा एकदम न खणता २ मी. लांब व १ मी. रुंद असे एकदोन वाफेच करावेत. जमीन सु. ३० सेंमी. खोल मोकळी करून दगड-विटा वेचाव्यात व वर चांगले कुजलेल्या शेणखताचा वा कंपोस्टाचा ८ ते १० सेंमी. थर मिसळावा. न कुजलेला भुसा मिसळल्यास तो कुजविणारे जीवाणू मातीतील नायट्रोजन वापरतात व रोपे खुरटतात. जूनमध्ये ताग पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडल्यास हिरवळीचे खत मिळते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळ्यापासून माती तयार करून थोड्या जागेत पिके घेण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. पालापाचोळ्याच्या आच्छादनाने उन्हाळ्यात ओल टिकते व पावसाच्या माऱ्याने माती बसत नाही.

पिके : आरंभी लवकर येणारी व काटक पिके घ्यावीत. पावसाळ्यात चवळी, गवार, भेंडी व माठ. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा ही योग्य होत. मेथी सु. एका महिन्यात काढणीस येते. चवळी व गवार यांच्या मुळांवरील गाठींमुळे मातीस नायट्रोजन मिळतो. टोमॅटो, वांगी, कोबी ही अधिक खत मागणारी पिके दुसऱ्या वर्षी घ्यावीत. कुंपणालगत शेवगा व कढीपत्ता लावता येतो.

दक्षता : कारखान्यातील राख, गाळ, धातूचा कीस किंवा सांडपाणी बागेत कदापि वापरू नये. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीत दीर्घकाळ टिकतात व विशेषतः पालेभाज्यांत आणि कंदमुळांत उतरतात. मृद्‌चाचणी प्रयोगशाळेतील नेहमीच्या चाचणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व पोषकद्रव्ये कळतात. शिसे व कॅडमियम यांची तपासणी वेगळी मागावी लागते. जागेचा पूर्वेतिहास संशयास्पद असल्यास तेथील माती न वापरता तळाशी अडसर घालून बाहेरच्या निर्धोक मातीचे उंच वाफे वा कुंड्या कराव्यात. इतरत्र दरवर्षी सेंद्रिय खत दिल्यास दोनतीन वर्षांत माती भुसभुशीत होते. गांडुळांची वाढती संख्या ही तिच्या सुधारणेची सोपी खूण होय.