पानांच्या फटीत अडकलेला रिपोर्ट

रक्त तपासायला दिले, दोन दिवसांत दवाखान्यातून फोन आला नाही, म्हणजे रिपोर्ट चांगलाच असणार, असे अनेक जण धरून चालतात. हा समज धोक्याचा आहे. रिपोर्ट तयार असूनही तो डॉक्टरांच्या नजरेतून सुटू शकतो. त्याचे एक कारण संगणकावरच्या यादीतच दडलेले असते.

मोठ्या रुग्णालयांत आता तपासण्यांचे निकाल संगणकावर येतात. नवा निकाल वर, जुना खाली. हजारो नोंदी एकदम दाखवता येत नाहीत, म्हणून एका पानावर, समजा, २० नोंदी दिसतात. दुसरे पान उघडले, की साध्या पद्धतीत संगणक ‘वरच्या २० सोडा, पुढच्या २० दाखवा’ असा हिशेब करतो. यादी स्थिर असेल तर हे ठीक. पण ही यादी ओपीडीच्या रांगेसारखी सतत हलत असते.

समजा, यादीत फक्त न पाहिलेले निकाल आहेत. डॉक्टरांनी पहिल्या पानावरचे ५ पाहिले, ते यादीतून गेले आणि खालचे सगळे ५ जागा वर सरकले. आता दुसरे पान उघडले, तर २१ ते २५ क्रमांकांचे निकाल पहिल्या पानावर गेलेले असतात आणि समोर थेट २६वा येतो. मधले ५ न पाहताच मागे राहतात. त्यांत एखाद्याचे पोटॅशियम ६.८ असेल तर? निरोगी माणसात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. ते इतके वाढले, तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.

यावरचा उपाय पोथी वाचणाऱ्या आजीलाही ठाऊक असतो. ती पाने मोजत बसत नाही, खूण ठेवते. संगणकालाही ‘इतकी सोडा’ न सांगता ‘शेवटचा पाहिलेला निकाल या वेळेचा, या क्रमांकाचा, त्याच्या आधीचे २० दाखव’ असे सांगता येते. या खुणेला ‘कर्सर’ म्हणतात. दोन निकाल एकाच क्षणी येऊ शकतात, म्हणून वेळेच्या जोडीला क्रमांकही लागतो. मग यादी वरखाली झाली तरी खूण हलत नाही. कामही जलद होते. जुन्या पद्धतीत ५००व्या पानासाठी संगणक आधीच्या ९,९८० नोंदी मोजून बाजूला टाकतो. वेळ आणि क्रमांकाची सूची तयार असेल, तर तो खुणेपाशी थेट पोहोचतो.

क्रम कोणत्या वेळेने लावायचा, हेही महत्त्वाचे. क्षयरोगाच्या कल्चरचा निकाल यायला सहा आठवडेही लागू शकतात. यादी नमुना घेतल्याच्या तारखेने लावली, तर आज आलेला निकाल सहा आठवड्यांपूर्वीच्या नोंदींत, कुठल्या तरी खोल पानावर जाऊन बसतो. तिथे कोण पाहणार? म्हणून क्रम निकाल आल्याच्या वेळेने हवा.

अर्थात, जिवावर बेतू शकणारा निकाल कोणत्याही यादीच्या भरवशावर सोडता येत नाही. प्रयोगशाळेने तो फोन करून डॉक्टरांना कळवायचा असतो आणि कोणाला, किती वाजता सांगितले याची नोंद ठेवायची असते.

रुग्णाच्या हातातही बरेच आहे. नमुना देतानाच रिपोर्ट कधी मिळेल ते विचारावे आणि ती तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी. त्या दिवशी रिपोर्ट स्वतः मागून डॉक्टरांना दाखवावा. दवाखान्यातून घरी सोडताना एखादा निकाल यायचा बाकी असेल, तर तो कोण पाहणार, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ‘काही कळवले नाही’ याचा अर्थ ‘सगळे ठीक आहे’ असा नसतो. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच, की अजून कोणी पाहिलेले नाही.