वास कुठून येतोय?

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये गुलाल, रांगोळी आणि थर्माकोलच्या चुऱ्याचा नुसता थर! मावशींनी व्हॅक्युम क्लीनर काढला. दहा मिनिटांत मशीनचा आवाज चढला, जळका वास सुटला आणि मशीन बंद. झालं! "मावशींनी मोटर जाळली, दुरुस्तीचे पैसे त्यांच्याकडूनच घ्या," इथपर्यंत चर्चा गेली. आम्ही इलेक्ट्रिकलवाले तिथेच उभे होतो. म्हटलं, आधी बघू तरी!

मित्रांनो, असं झालं तर पहिलं काम म्हणजे स्विच बंद करून प्लग काढा आणि मशीन अर्धा तास थंड होऊ द्या. तोवर वास कसला होता ते आठवा. अर्धं निदान त्यातच असतं.

१) तापलेल्या धुळीचा वास : सगळ्यात जास्त वेळा हाच. पिशवी भरलेली, फिल्टर चोंदलेला किंवा पाईपमध्ये बोळा अडकलेला. यातली मोटर मिक्सरसारखीच, युनिव्हर्सल, मिनिटाला २०,००० च्या वर फेरे घेणारी. साध्या घरगुती मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड करते. आता व्हायवाचा प्रश्न : हवा अडल्यावर आवाज का चढतो? कारण पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, लोड कमी होतो आणि स्पीड वाढतो. करंट उलट कमीच होतो! तरी मोटर तापते, कारण थंड करणारी हवाच बंद झालेली असते.

२) प्लॅस्टिकचा वास, तोही भिंतीकडून : प्लगला हात लावून बघा (काढल्यावर हं!). १२०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला सुमारे ५.२ अँपिअर घेतं. ढिल्या सॉकेटमध्ये एक ओहम रेझिस्टन्स आला, तरी तिथे २७ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे लॅबमधला २५ वॅटचा सोल्डरिंग गन प्लगमध्ये ठेवल्यासारखंच! इस्त्री लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर हे मशीन लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

३) रबराचा वास : फिरता ब्रश असलेल्या काही मशीनमध्ये पट्टा असतो. ब्रशला केस-दोरे गुंडाळले की तो अडतो आणि पट्टा घासून जळतो. केस कापून काढा, पट्टा बदला.

४) तिखट वास आणि ठिणग्या : कार्बन झिजले. जोडीने बदलून घ्या. नवे कार्बन नीट बसेपर्यंत थोडा वास येतो, घाबरू नका.

५) वार्निशचा उग्र वास, धूर : वाइंडिंगचं इन्सुलेशन जळतंय. इथे आपली इंजिनीअरिंग थांबवावी आणि मेकॅनिक गाठावा. "एकदा चालू करून बघू" असं अजिबात करू नये.

आमचं मशीन उघडलं, तर पिशवी गुलालाने गच्च. मी विचारलं, "मावशी, पिशवी कधी झटकली होती?"

"कसली पिशवी रे बाळा?"

मशीन आल्यापासून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माहितीपुस्तक इंग्रजीत, आणि तेही ऑफिसच्या कपाटात! पिशवी बाहेर नेऊन झटकली, फिल्टर धुऊन दिवसभर पूर्ण वाळवला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू! मोटर जळलीच नव्हती. तापल्यावर आतल्या थर्मल कट-आउटने स्वतःच सप्लाय तोडला होता. पैसे कापायचा विषय तिथेच संपला.

आता मशीनवर मराठीत एक कागद चिकटवलाय : "पिशवी अर्धी भरली की झटका. गुलाल, रांगोळी आधी झाडूने काढा. आवाज चढला की बंद करा." मावशींनी त्याखाली पेनाने चौथी ओळ लिहून घेतली : "पोरांनीही वाचावे."