जलाग्निबाणाचा उंचीमापक

जलाग्निबाण किती उंच गेला, हा मुलांचा वाद अंदाजाने नव्हे, मापाने मिटवावा. समुद्रसपाटीजवळ दर मीटर उंचीस हवेचा दाब सुमारे 12 पास्कलने घटतो. पठारावर किंचित कमी. नखाएवढा दाबसंवेदक, सूक्ष्मनियंत्रक व हलका विद्युत्घट अग्निबाणाच्या टोपीत बसविल्यास ही घट नोंदविता येते. 360 पास्कल घट म्हणजे सुमारे 30 मीटर.

खरी मेख छिद्रांत आहे. ती टोपीच्या टोकास पाडल्यास समोरून येणाऱ्या हवेच्या माऱ्याने दाब वाढतो व उंची कमी दिसते. यास्तव बाजूस, समान अंतरावर, तीन बारीक छिद्रे ठेवावीत. संवेदकास ऊन व पाणी लागू देऊ नये. उड्डाणापूर्वी यंत्र शाळेच्या गच्चीवर नेऊन, दोरीने मोजलेल्या उंचीशी मुलांकडूनच ताडून घ्यावे.