इंडक्शनवर टिकणारं भांडं

महादेवपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये इंडक्शन शेगडी असेल, तर भांडी घ्यायला जाताना लोहचुंबक बरोबर न्याच. तो तळाला घट्ट चिकटायला हवा. ‘३०४’ स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते सहजी गंजत नाही, पण चुंबकाला सहसा धरत नाही. म्हणून तीन थरांची कढई उत्तम: आत ३०४, मध्ये उष्णता सगळीकडे पसरवणारं अ‍ॅल्युमिनियम, बाहेर चुंबकीय स्टील. महाग असली तरी घ्यावी.

भाकरी-घावनाला मात्र बिडाचाच तवा. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. बिडाच्या कढईत चिंच-आमसुलाचं काही शिजवू नका. आंबटाने तेलाचा मुरलेला थर जातो.

बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने कुकरमध्ये पांढरा थर धरतो. लिंबाच्या फोडी घालून पाणी उकळलं की तो सुटतो.