अनुभवाचा प्रामाणिक हिशेब

व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली आज वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून रुग्णालयांत मुलाखतीस जातात. तेथे पुस्तकी ज्ञानाबरोबर अनुभवाची विचारणा होते: "वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा आपण काय केले?", "आपल्या हातून घडलेली एखादी चूक सांगा." ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत असे प्रश्न नेहमीचे आहेत.

'स्टार' या प्रचलित पद्धतीत उत्तराचे चार टप्पे असतात: प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम. प्रसंग दोन वाक्यांत आटोपावा. अधिक वेळ कृतीला द्यावा. 'आम्ही केले' असे मोघम न बोलता स्वतःचा वाटा स्पष्ट सांगावा. मात्र परिचारिकेचे श्रेय आपल्या खाती जमा करू नये. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील कधीही देऊ नये.

खरी कसोटी चुकीच्या प्रश्नात असते. औषधाची मात्रा चुकीची लिहिली गेली, तर रुग्णाला तत्काळ तपासले का, वरिष्ठांना कळविले का, रुग्णाला सत्य सांगितले का आणि पुढे कोणती दक्षता घेतली, हे परीक्षक पाहतात. 'माझी चूक कधी झालीच नाही' या उत्तराने विश्वास उडतो. रचलेला प्रसंग उपप्रश्नांत उघडा पडतो.

दोष आठवणे, तो मान्य करणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, हाच प्रतिक्रमणाचा संस्कार आहे. उमेदवाराने रोजच्या कामाची टिपणवही ठेवावी. रोजमेळ नियमित लिहिणाऱ्याला हिशेब विचारला असता आठवत बसावे लागत नाही.