जुने मोबाईल संच आणि हौशी रेडिओवरील डेटा संदेशवहन : माळशिरस परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मोबाईल संच जुना झाला असे म्हणताना त्यातील नेमके काय जुने झाले आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. संचाचा प्रक्रियक, ध्वनिमंडल, पडदा आणि उपग्रहांकडून स्थान निश्चित करणारा जीपीएस ग्राहक हे भाग बहुधा सुस्थितीत असतात. कालबाह्य होते ते मोबाईल जाळ्याशी असलेले त्याचे नाते आणि नवनव्या प्रणाली पेलण्याची त्याची क्षमता. हौशी रेडिओवरून (ज्याला सर्वसाधारणपणे ‘हॅम’ म्हटले जाते) लहान मजकूर पाठविण्यासाठी या दोहोंपैकी कशाचीच आवश्यकता नसते. प्रस्तुत लेखात अशा संचांच्या पुनर्वापरामागील तत्त्व, त्यातील अडचणी आणि माळशिरस परिसरातील त्याची उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे. संच मिळविणे हा या विषयातील सर्वांत सोपा भाग असून खरी मर्यादा वाहिनीची आणि अँटेनाच्या उंचीची आहे, असे या विवेचनातून दिसून येईल.

माळशिरस परिसर

माळशिरस तालुक्याच्या उत्तरेस नीरा नदी वाहते आणि नीरा नरसिंहपूर येथे ती भीमेस मिळते. वीर धरणातून नीरेत व उजनी धरणातून भीमेत मोठा विसर्ग सुरू झाला की नदीकाठच्या गावांना वेळेत सूचना पोहोचणे महत्त्वाचे ठरते. दुसरा प्रसंग आषाढी वारीचा. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर हे तिचे मुक्काम याच तालुक्यात आहेत. श्री तुकाराम महाराजांची पालखी अकलूजवरून जाते. मोबाईल मनोरा एका वेळी ठराविक संख्येचेच संपर्क हाताळू शकतो. गावाच्या लोकसंख्येनुसार आखलेल्या मनोऱ्याखाली एका रात्रीपुरता लाखोंचा समुदाय उतरला, तर संपर्क दुर्मीळ होणे हा त्या रचनेचाच परिणाम होय. अशा वेळी ‘पाण्याचा टँकर कोठे आहे’ किंवा ‘रुग्णवाहिका कोणत्या फाट्यावर पाठवावी’ एवढा मजकूर ध्वनिसंभाषणाशिवाय पोहोचला तरी पुरेसा असतो.

महाराष्ट्राला हौशी रेडिओची ओळख बऱ्याच अंशी आपत्तीतूनच झाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि पुढे २००१ च्या भुज भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संपर्कसेवा दिली. ही सेवा मुख्यतः ध्वनीद्वारे होती. डेटाचा विशेष असा की, संदेश लिहिला त्याच स्वरूपात पोहोचतो. गावाचे नाव किंवा आकडा ऐकताना होणारी चूक येथे टळते.

ध्वनीतून अक्षरे

या पद्धतीत मोबाईल संचातील स्वतःचा प्रक्षेपक वापरला जात नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तो मोबाईल सेवेच्या वारंवारितांशी बांधलेला असतो. प्रक्षेपणाचे काम हौशी पट्ट्यातील, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधील, वॉकी-टॉकी करते. मोबाईल संच केवळ मोडेमची भूमिका बजावतो.

प्रचलित पद्धतीत सेकंदास १२०० बिट या वेगाने दोन स्वर पाठविले जातात : एक १२०० हर्ट्झचा, दुसरा २२०० हर्ट्झचा. ही ‘बेल २०२’ या जुन्या दूरध्वनी मोडेमची रीत होय. कोणता स्वर म्हणजे शून्य आणि कोणता म्हणजे एक, असा येथे संकेत नाही. स्वर बदलला तर शून्य, तसाच राहिला तर एक, असे वाचन केले जाते. मजकुराच्या दोन्ही टोकांस ०११११११० हे सीमाचिन्ह असते. ते मजकुरात चुकून उमटू नये म्हणून लागोपाठ पाच एक आले की प्रेषक त्यापुढे एक जादा शून्य घालतो आणि ग्राहक ते काढून टाकतो. शेवटी १६ बिटांचा तपासणी अंक जोडला जातो. तो जुळला नाही, तर संपूर्ण पॅकेट टाकून दिले जाते. अर्धवट वाचलेला संदेश खरा म्हणून पुढे जाण्यापेक्षा तो न पोहोचणे परवडले, असा हा विचार आहे. पत्ता म्हणून प्रत्येक केंद्राचे अधिकृत संकेतनाम वापरले जाते. या सर्व नियमांस ‘एएक्स.२५’ असे नाव आहे.

आता या कामास किती क्षमतेचे यंत्र लागते ते पाहू. २२०० हर्ट्झचा स्वर अचूक नोंदविण्यास सेकंदास त्याच्या दुपटीहून, म्हणजे ४४०० हून, अधिक नमुने घ्यावे लागतात. दूरध्वनीच्या दर्जाचा ध्वनी ८००० नमुन्यांचा असतो, तर संगीत ऐकविणारा कोणताही संच ४४,१०० नमुने हाताळतो. तात्पर्य, ज्या संचावर गाणी वाजतात, त्यावर हे मोडेम चालण्यास अडचण नाही.

पाम संचापासून स्मार्टफोनपर्यंत

१९८० च्या दशकात हे काम ‘टीएनसी’ नावाची स्वतंत्र पेटी करीत असे. तिच्यात मोडेम व सूक्ष्मप्रक्रियक असे. संगणकाकडे केवळ पडदा व कळफलकाचे काम उरे. त्यामुळे ही जागा लहान उपकरणांना लवकर मिळाली. १९९० च्या दशकात डॉस प्रणालीवर चालणारे एचपीचे तळहातावरील संगणक आणि पुढे पाम संच अनुक्रमिक जोडणीद्वारे टीएनसीस जोडले जाऊ लागले. पाम संचांसाठी ‘पॉकेटएपीआरएस’ नावाचा कार्यक्रम तयार झाला. स्मार्टफोन आल्यावर मोडेमही संचाच्या आत गेले. जर्मनीतील जॉर्ज लुकास यांचा ‘एपीआरएसड्रॉइड’ हा मुक्तस्रोत कार्यक्रम अँड्रॉइड संचाच्या ध्वनिमंडलातूनच हे स्वर निर्माण करतो.

एपीआरएस या पद्धतीचा उगमही जुन्या यंत्रांच्या अशाच वापरातून झालेला आहे. तिचे जनक बॉब ब्रुनिंगा (निधन २०२२) यांनी १९८२ मध्ये ॲपल-टू संगणकावर प्रारंभ केला. १९८४ मध्ये त्यांनी ‘व्हिक-२०’ या स्वस्त घरगुती संगणकावर सुधारित कार्यक्रम लिहिला, तो १०० मैलांच्या अश्वशर्यतीतील घोड्यांची स्थाने व स्थिती कळविण्यासाठी. लांब पल्ल्याच्या वाटेवर विखुरलेले चालणारे, ठराविक थांबे आणि मध्ये संपर्काचा अभाव, असा तो प्रश्न होता. वारीच्या वाटेवरील प्रश्नाशी त्याचे साम्य सहज लक्षात येते.

जोडणीतील अडचणी

जोडणी दिसते तितकी निर्वेध नाही. मोबाईलच्या हेडफोन जागेतून मिळणारा ध्वनिसंकेत वॉकी-टॉकीच्या मायक्रोफोनला लागणाऱ्या संकेतापेक्षा कितीतरी प्रबळ असतो. मध्ये दोन रोधकांचा विभाजक आणि एक संधारित्र न घातल्यास स्वर विकृत होऊन एकही पॅकेट वाचले जात नाही. नवशिके अशा वेळी आवाज आणखी वाढवितात. उपाय नेमका उलट आहे. ध्वनी आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी ‘व्हॉक्स’ सोय सोयीची खरी, परंतु तिला जागे होण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात पॅकेटचा आरंभ गमावला जातो. त्यासाठी आरंभीची सीमाचिन्हे लांबवावी लागतात. ग्रहण करताना मोबाईलमधील गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवणे अगत्याचे असते, कारण तिच्या दृष्टीने हे स्वर गोंगाटच होत.

येथे एक गमतीचा भाग असा की, अनेक नव्या संचांना हेडफोनचे गोल छिद्रच नसते. या कामापुरता जुना संच नव्यापेक्षा सरस ठरतो. सिमकार्डावाचूनही त्यातील जीपीएस ग्राहक चालतो. मात्र जाळ्याकडून मिळणारी मदत नसल्याने पहिले स्थान निश्चित होण्यास काही मिनिटे लागू शकतात. फुगलेली बॅटरी असलेला संच मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

एक वाहिनी, अनेक केंद्रे

६० अक्षरांचा रोमन मजकूर, दोन पत्ते, नियंत्रण, तपासणी अंक आणि सीमाचिन्हे मिळून सुमारे ८० बाइट होतात. १२०० बिटांच्या वेगाने त्यास ०.५३ सेकंद लागतो. प्रक्षेपक स्थिर होण्याचा ०.३ सेकंद धरता एका पॅकेटने वाहिनी सुमारे ०.८३ सेकंद व्यापली जाते. सर्वजण शिस्तीने एकामागून एक बोलले, तर मिनिटास ७२ पॅकेटे जातील. प्रत्यक्षात तसे होत नाही. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७० च्या सुमारास ‘अलोहा’ जाळ्यासाठी केलेले विश्लेषण येथे लागू पडते. प्रत्येकाने मनास येईल तेव्हा पाठविले, तर वाहिनीचा उपयुक्त वापर जास्तीत जास्त १८.४ टक्के होतो. म्हणजे मिनिटास ३६ पॅकेटे पाठविली गेली, तर त्यांतील सुमारे १३ सुखरूप पोहोचतात. त्याहून अधिक पाठविल्यास पोहोचणाऱ्यांची संख्या घटू लागते. वाहिनी मोकळी आहे का हे आधी ऐकून घेतल्यास स्थिती सुधारते. परंतु दोन केंद्रांना परस्परांचे ऐकू येत नसेल, तर तो लाभ उरत नाही.

पालखीसोबतच्या प्रत्येक दिंडीच्या हाती एकेक जुना मोबाईल आणि वॉकी-टॉकी देण्याची कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही. संच शेकड्याने मिळतील, वाहिनी एकच राहील. टँकर, रुग्णवाहिका व मुक्कामाची ठिकाणे अशी दहा-बारा केंद्रे, दर दोन-तीन मिनिटांस एक पॅकेट आणि तातडीच्या मजकुरास प्राधान्य, एवढीच योजना व्यवहार्य ठरते.

मराठी मजकुराचा प्रश्नही याच हिशेबात येतो. ‘नीरा पुलावर पाणी आले’ हे वाक्य रोमन लिपीत २१ बाइटांत बसते. देवनागरीत युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक अक्षरचिन्ह व मात्रा तीन बाइट घेत असल्याने त्याच वाक्यास ५४ बाइट लागतात. एपीआरएस संदेशाची मर्यादा ६७ अक्षरांची आहे. ती बाइटांत मोजली, तर देवनागरीच्या वाट्याला जेमतेम एक छोटे वाक्य येते. असे असले तरी गावपातळीवर वाचणाऱ्यास रोमन मराठी अडखळविते. ग्राहक संचावरच लिप्यंतर करणारा छोटा कार्यक्रम लिहिणे हा यावर उपाय होय. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून तो सहज देता येईल.

अंतराचे गणित याहून कठोर आहे. या पट्ट्यातील लहरी जवळजवळ दृष्टिरेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळास ४.१२ ने गुणल्यास क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते आणि दोन्ही बाजूंची बेरीज करावयाची असते. हातातील दोन संच दीड मीटर उंचीवर असतील, तर सपाट व मोकळ्या भूमीवरही मर्यादा सुमारे १० किलोमीटरांची. पालखीचा एक टप्पा बहुधा याहून मोठाच असतो. एका बाजूस १० मीटरांचा खांब उभारल्यास ती १८ किलोमीटर होते. परंतु अँटेना भोवतालच्या भूमीपेक्षा ४०० मीटर उंचावर नेल्यास एकट्या तिचेच क्षितिज ८० किलोमीटरांपलीकडे जाते. माळशिरसच्या पश्चिमेस शिखर शिंगणापूरचा डोंगर आहे. अशा उंचीवर पॅकेट ऐकून पुन्हा प्रक्षेपित करणारे एक केंद्र (‘डिजिपीटर’) ठेवल्यास सपाटीवरील केंद्रे परस्परांशी जोडली जाऊ शकतात. त्याची किंमत अशी की, प्रत्येक पॅकेट वाहिनीवर दोनदा जाते आणि वर काढलेली क्षमता निम्म्यावर येते.

हेच केंद्र डोंगराऐवजी अवकाशातही असू शकते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी घडविलेला ९९० ग्रॅम वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून प्रक्षेपित झाला. हौशी रेडिओचालकांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी मजकूर पाठविता यावा, हे त्याचे उद्दिष्ट होते. महाविद्यालयीन पातळीवर या विषयाची झेप कोठवर जाऊ शकते, याचे ते राज्यातील उदाहरण होय.

परवाना आणि वर्गातील प्रयोग

हौशी पट्ट्यात प्रक्षेपण करण्यास केंद्र शासनाचा परवाना आवश्यक असतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर व्यक्तीस किंवा संस्थेच्या केंद्रास ‘व्हीयू’ने आरंभ होणारे संकेतनाम मिळते. दोन बंधने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत. अर्थ लपविण्यासाठी गुप्त संकेतलिपी वापरता येत नाही. तसेच ही सेवा आर्थिक लाभासाठी नाही, त्यामुळे तालुक्यातील साखर कारखान्याच्या ऊसवाहतुकीचा माग ठेवणे, तांत्रिकदृष्ट्या कितीही सोयीचे वाटले, तरी यात बसत नाही.

परवाना येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. दोन जुने मोबाईल टेबलावर समोरासमोर ठेवून एकाच्या ध्वनिक्षेपकातून स्वर वाजवावेत आणि दुसऱ्याच्या मायक्रोफोनने ते वाचावेत. यात रेडिओ लहरींचे प्रक्षेपण होत नसल्याने परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही. ध्वनिमुद्रण संगणकावर उघडल्यास १२०० व २२०० हर्ट्झच्या लहरी डोळ्यांनी वेगळ्या दिसतात आणि विद्यार्थ्यास सीमाचिन्हापासून पुढे एकेक बिट हाताने मोजता येतो. तिसरा मोबाईल त्याच वेळी वाजू लागला, की दोन्ही पॅकेटे बहुधा नष्ट होतात, आणि अब्रॅमसन यांचे १८.४ टक्के फळ्यावर सिद्ध करण्यापूर्वीच वर्गाला ऐकू आलेले असतात.