विलायती शर्यतीच्या सायकलीचा कालनिर्णय

जुन्या दप्तरांच्या शोधांत घरांच्या माळ्यांवरून इतरही वस्तू हातीं येतात. वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या ठिकाणीं शर्यतीच्या विलायती सायकलीचा सांगाडा सांपडल्यास त्याचा काळ कसा ठरवावा, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

पोथीची बांधणी मागाहूनची असूं शकते. नकलकार मूळ प्रतीचा शकही तसाच उतरवून ठेवितो. म्हणून आपण कागद व अक्षरवळण पाहतों. तोच न्याय येथें लावावा. चाकें, सीट, ब्रेक हीं बदलतात. सांगाडा हाच मूळ पुरावा.

(१) नांव.— केवळ नांवावर भिस्त ठेवूं नये. १९४९ सालीं स्थापन झालेल्या मद्रासच्या टी. आय. सायकल्सनें हर्क्युलिस व बी. एस. ए. हीं नांवें चालविलीं. आसनसोलास सेन-रॅलेचा कारखाना निघाला. तेव्हां विलायती नांव म्हणजे विलायती घडण नव्हे.

(२) आटे.— पॅडलांचा आंस ज्या नळींत फिरतो, तिच्या उजव्या बाजूचे आटे ब्रिटिश पद्धतींत डावे असतात. फ्रेंच व इटालियन पद्धतींत दोन्हीकडे उजवेच. इंचास २४ आटे ही सामान्य ब्रिटिश रीत. नॉटिंगहॅमच्या रॅलेची २६. यावरून पद्धत कळते, साल नव्हे.

(३) नळी.— रेनॉल्ड्सची ‘५३१’ नळी १९३५ सालीं निघाली. ती असल्यास सांगाडा त्यापूर्वींचा नव्हे. मात्र तिची चिकटपट्टी मागाहूनही लावतां येते. सीटच्या दांड्याचा व्यास २७.२ मिलिमीटर भरल्यास पातळ नळीच्या अनुमानास पुष्टि मिळते.

(४) अंक.— हा सीटखालच्या जोडावर किंवा पॅडलांच्या नळीखालीं ठोकलेला असतो. कित्येक कारागीर तोच अंक पुढच्या चिमट्याच्या दांड्यावरही ठोकीत. दोन्ही जुळल्यास चिमटा मूळचाच समजावा. परंतु त्या कारागिराची नोंदवही मिळाल्यावांचून अंकावरून साल काढूं नये.

(५) हब.— स्टर्मी-आर्चरचें ‘ए. डब्ल्यू.’ हब १९३६ सालचें. युद्धोत्तर हबांवर वर्ष व महिना कोरलेला आढळतो. तो हबाचा काळ होय, सांगाड्याचा नव्हे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, रंग खरवडूं नये व नवा देऊं नये. जुन्या रंगाखालींच नांवाच्या खुणा टिकतात. अंकाचा कागदावर ठसा घ्यावा. पुरावा पूर्वमर्यादेपुरताच असल्यास नोंदींत ‘१९३५ नंतर’ इतकेंच लिहावें. अनुमानाचें साल एकदां यादींत शिरलें म्हणजे पुढील अभ्यासक तेंच प्रमाण मानून चालतो.